निरंक

दिल्लीहून निघालेला कागद
मुंबईत सात दिवस थांबला,
कलेक्टर कचेरीत दोन,
साहेबांच्या टेबलावर जेवणाची एक सुट्टी,
आणि मग माझ्या लुनाच्या पिशवीत आला,
डब्याशेजारी.
विषय : श्री. अविनाश गणपत केंजळे,
राहणार चिमणपुरा पेठ, सातारा.
चारित्र्य व पूर्वेतिहास पडताळणी. तात्काळ.

नेमणूक राष्ट्रपती करणार होते.
चौकशी मी.

चिमणपुऱ्याच्या चढाला लुना दम टाकते,
पायडल मारत न्यावी लागते.
पहिला भेटला आतार, सायकलवाला.
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे हुडकत होता.
मान वर न करता म्हणाला,
"अव्या? भाड्याच्या सायकलीचे तीन रुपये राहिलेले त्याच्याकडं.
पहिल्या पगाराला आणून दिले.
मी विसरलेलो. त्यो नव्हता विसरला."
हे मी लिहिलं नाही.
तसा रकाना नव्हता.

मग वरच्या आळीला सुगंधा गुरव.
नवरा शिपाई होता, बडतर्फ झालेला,
आता भिंतीवर फोटोत.
बाई ताटात हुलगं निवडत होती.
"माणूस चांगलाय," म्हणाली,
एक खडा उचलून फरशीवर ठेवला.
"ह्यांच्या कागदावर त्यानंच सही केली.
चोरी दुसऱ्याची. ठावं होतं त्याला.
सही करताना बघत कुठं होता सांगू?
खिडकीतनं भाईर, अजिंक्यताऱ्याकडं.
हे म्हणायचे, रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं."
आणखी एक खडा.
"लिवताय न्हवं?"

मी पेनाला टोपण लावलं होतं.

गुन्हे : निरंक.
प्रतिकूल अभिप्राय : निरंक.
हा शब्द आमच्या खात्यात मिठासारखा.
कशातही घाला, लागतोच.

नेमणूक झाली. मोती चौकात माळा फुटल्या,
ठाण्यातसुद्धा कंदी पेढे आले,
मी दोन खाल्ले.
त्याच जूनमध्ये रिटायर झालो.

आणि आता टीव्हीवर
आठ खिडक्यांतून आठ जण एकदम बोलतात.
यादीतलं तिसरं नाव पहिलं कसं झालं?
समितीतल्या दोघांनी विरोधात लिहिलेलं पान गेलं कुठं?
चौदा महिने ती खुर्ची कुणासाठी झाकून ठेवली होती?
एक म्हणतो, राष्ट्रपती नुसती सही करतात हो.
दुसरा म्हणतो, मग शिपायाकडूनच घ्यायची होती.
ती आठही माणसं हसतात तेव्हा
बायको म्हणते, आवाज कमी करा.

सुगंधाबाईंचं नाव कुणी घेत नाही.
त्या तीन रुपयांचंही नाही.

फाईल माझ्या डोळ्यापुढे आहे.
सगळ्यात वर तीन सिंह आणि ती एक सही,
तिच्याखाली सचिव, सहसचिव, उपसचिव,
कुणी हिरव्या शाईत, कुणी लाल,
आणि पार तळाला, टाचणीच्या गंजाजवळ,
बक्कल नंबर अकराशे सत्तेचाळीस.
वरचे सगळे कागद
त्या एका शब्दावर टेकलेत.
कोर्टात म्हणे वरूनच उघडतात.
तळापर्यंत येतीलच असं नाही.

काल पेन्शनच्या दाखल्यासाठी पोवई नाक्यावर गेलो होतो.
येताना चिमणपुऱ्याकडं वळलो,
काम काही नव्हतं.
आतारचं दुकान पोरगा बघतो, मोबाईलची कव्हरं विकतो.
सुगंधाबाई उंबऱ्यात बसलेल्या,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
म्हणाल्या, "मीटरवाले का?"

हो म्हणालो.

आत गेलो. जाळी बाजूला केली,
आकडा मोठ्यानं वाचला.
"नीट लिवून घ्या बाबा," त्या म्हणाल्या,
"मागल्या बारीला चुकीचं लिवलं होतं."
मी खिसे चाचपले.
पेन नव्हतं.