संग्राहक

चोवीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र विभागात
पानं वाळवतो.
रद्दीच्या घडीत फांदी, वर टीपकागद,
त्यावर फळी, आणि पट्टा आवळायचा.
कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी.
एवढंच काम, आणि ते मला येतं.

त्या मंगळवारी रायबंदरच्या धक्क्यावर
पोरांच्या आधी त्यांची पिशवी मिळाली.
शेवंती वेळीप मारायची तशी दुहेरी गाठ,
ओल्या बोटांना न सुटणारी.
आत सगळं कोरडं.

काय करायचं, कुणी सांगितलं नाही.
मी कागद बदलले.

विभागात रडायला जागा एकच, शीतकपाटामागे.
तिथे त्या आठवड्यात रांग असायची.
एकदा रांगेत विभागप्रमुख दिसले,
हातात उगाचच हजेरीपट.
त्यात नावं मार्चपर्यंत तशीच राहिली.
कुलासो इझिल्डा.
सर थांबायचे, पंखा फिरत राहायचा.
एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी
'प्रेझेंट' म्हणालं.
कुणी रागावलं नाही.

मग चौथरा झाला. काळा दगड, तीन नावं,
मानकुराद आंब्याचं कलम,
भाषणात 'भरून न येणारी हानी', दोनदा.
फिलोमिना चोडणहून पहिली फेरीबोट धरून आली होती.
काळा झगा, मेणबत्त्यांचा पुडा.
तिला वाचता येत नाही. तिने ओळी मोजल्या, बोटाने.
मग माझ्याकडे वळली,
"तीनच?"

होडी तिच्या नवऱ्याची, बोस्त्यांवची.
दोघांना काठाला लावून तो पुन्हा आत गेला होता.
पण तो विद्यापीठाचा नव्हता.
कार्यालयाने तसं लिहून दिलं, शिक्क्यासह.
आणि कॅन्टीनमध्ये लोक बोलायचे,
चूक त्याचीच, जाकिटं नव्हती होडीत.

जाकिटांचं कोटेशन
ऑगस्टपासून माझ्या टेबलावर होतं.
सहीसाठी अडलेलं.
मी त्यावर चहाचा कप ठेवायचो.

हे मी चौकशीत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं,
कपाचं सोडून.

पावसाळ्यात दमट हवेत नमुने चिकटत नाहीत,
म्हणून शिवायला घेतले.
गौरांग यायला लागला, वाचलेल्या दोघांतला एक.
पुलावरून जाताना बसमध्ये डोळे मिटणारा.
बोलायचा नाही. सुईत दोरा मात्र पहिल्या झटक्यात ओवायचा.
पिशवीतल्या वहीत तन्वेश च्यारीचं अक्षर होतं,
घाईचं, होडीत हललेलं:
'कांदळ. बोस्त्यांव म्हणतो, याची शेंग
चिखलात उभी रुतली तर झाड.
आडवी पडली तर वाहून जाते,
पण लगेच मरत नाही.'

गौरांगने ते तीनदा वाचलं.
मग लेबलावर लिहायला बसला.
ठिकाण: चोडण. तारीख: ती.
संग्राहक:
तन्वेश च्यारी, इझिल्डा कुलासो, शेवंती वेळीप,
बोस्त्यांव फुर्ताद.

काळ्या शाईने. चौथं नाव जरा मोठं आलं.
विभागप्रमुखांनी चष्मा पुसला,
नियमावलीचं काही बोलले नाहीत,
नोंदणी क्रमांक घातला.

दगडावर अजून तीनच नावं आहेत.
दरवर्षी अर्ज जातो, दरवर्षी 'विचाराधीन' येतो.
कलम मेलं. दुसरं लावलं, त्याला वाळवी लागली.
नवी पोरं चौथऱ्यावर बसून डबा खातात,
सुरुवातीला मी हटकायचो.

त्या आठवड्यात मी कपाट उघडतो, डांबरगोळ्या बदलतो.
फिलोमिना येते. मी पत्रक तिच्यापुढे धरतो.
पानं आता तपकिरी झालीत.
ती हात लावत नाही, वास घेते.
"सुकलंय," म्हणते, "पण कांदळच."
यंदा तिने विचारलं,
"कितलीं वर्सां उरतलें हें?"
कागद कोरडा ठेवला, तर दोनशे, मी म्हणालो.
"इतकी कुणाला हवीत?"
असं म्हणून हसली, डोक्याचा रुमाल बांधला.
पावणेपाचची फेरीबोट गाठायची होती.