चाळीस मिनिटं खिसा

दुपारी दोनलाच मेसेज येतो:
आजचा डेटा नव्वद टक्के संपला.
दोन वाजेपर्यंत मी केलं काय?
तांब्याचा भाव बघितला,
साल्याला एक गुड मॉर्निंग परत पाठवलं,
बाकी सगळा वेळ साडेसातच्या मोटरीत डोकं.
दीड जीबी. रोज. पंधरा दिवस झाले.

येलदरी रोडला माझं दुकान, वाइंडिंगचं.
तीस वर्षं झाली,
करंट कुठून गळायलाय ते हुडकायचं, हेच पोट.
टेस्ट लॅम्पची एक वायर बॉडीला, एक कॉइलला,
दिवा लागला की समजायचं, इथं साल फाटली.
मग एकेक स्लॉट सोडवत जायचं.
पण ह्या डबड्याला लॅम्प लावावा कुठं?

रिचार्जवाला बोराळकर म्हणला, व्हायरस असल.
मग डोळा बारीक करून म्हणला,
नाही तर तुमचं पोरगं असल, हॉटस्पॉटवर.

पोरगं म्हणजे मुबीन. माझ्या हाताखाली, एकोणीस वर्षांचा.
वार्निशचे हात पुसून माझ्या फोनातून
कधीमधी गिऱ्हाइकाचा नंबर काढून देतो.
मी काही बोललो नाही.
घरी जाऊन पॅटर्न बदलला.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुनी रेघ ओढली, फोन थरथरला.
पुन्हा ओढली.
मग माझ्याकडं बघून फोन खाली ठेवला,
नवं बेअरिंग ठेवावं तसा, हळू.

डेटा तसाच जायलाय.

एका रात्री जेवून ओट्यावर बसलो, चष्मा लावला,
सेटिंगमध्ये उतरलो.
बातम्या, नखाएवढ्या.
कुस्त्यांचे व्हिडिओ, तेवढा माझा गुन्हा कबूल.
अन् फोटोंच्या नावापुढं निळी पट्टी,
पार कडेला टेकलेली. वीस जीबी.
मी फोटो काढतो कशाचे? मोटरीच्या नेमप्लेटचे.

आत गेलो तर एक व्हिडिओ वर चढायलाय.
चाळीस मिनिटांचा.
व्हिडिओ दोन जीबीचा, आपला दिवस दीडचा.
पाऊण चढतो, डेटा संपतो, घसरतो.
रात्री बाराला पुन्हा तळापासून,
गणिताच्या पुस्तकातला विहिरीतला बेडूक.

उघडला. काळं.
नुसतं काळं, मधूनच कापडाचे लाल धागे.
शर्टाचा खिसा आतून असा दिसतो.

ग्राइंडर. माझा खोकला.
मी कुणाला तरी म्हणतो, तांबं शंभर टक्के
(ते खरं होतं, नशीब).
माझं गुणगुणणं, जे मी करतो हे मला माहीत नव्हतं.
अन् बाविसाव्या मिनिटाला, मोटर टेस्टिंगला लावलेली,
तिच्या पलीकडून:

उस्ताद, गुरुवारी सुट्टी पाहिजे होती.
अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, जालन्याला.

मोटर.
मोटर.
मग माझा आवाज: बारा-तेराचा पाना दे.
अन् पाना हातात पडल्याचा आवाज.

तीनदा मागं घेतलं.
तारीख बघितली, मंगळवार.
त्या गुरुवारी मुबीन नऊला हजर होता.
दोन मोटरी त्यानंच उतरवल्या टेम्पोतून,
डबा उघडला नाही.
उपास आहे काय रे, म्हणून मी हसलो होतो.

सकाळी विचारलं, अम्मी कशी आहे?
दिसायलं आता, म्हणला. मामू घेऊन गेलता.
मला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही.
स्टेटर घासत राहिला.

मी फोन त्याच्यापुढं धरला,
नवी रेघ ओढून दाखवली, सावकाश,
त्याला पहिल्यांदा कॉइल घालून दाखवली होती तशी.
राहू द्या उस्ताद, म्हणला, मला नाही लागत.

व्हिडिओ पुसला नाही.
सेटिंग तेवढी बदलली: वायफाय असलं तरच चढव.
वायफाय आमच्या गल्लीत कुणाकडंच नाही.

डेटा आता रात्रीपर्यंत पुरतो.
उरतोसुद्धा.