परतीची तार

पहाटे साडेचारला बोग्नाने दार ठोठावलं नाही,
लाथ मारली. हातात पिशवी, तिच्यात कात्री,
उकळलेले टॉवेल, दोऱ्याचं रीळ.
विझायनीला एक बाई अडलीय, म्हणाली,
आणि गाडी मेलीय.

सुवाउकीत जानेवारी म्हणजे उणे सव्वीस.
अशा थंडीत सगळ्याच गाड्या मेल्यासारख्या दिसतात.

मी विचारलं, आवाज कसा येतो?
"कसा म्हणजे? येतच नाही."
अजिबात नाही, की एकदा टक्?
की टकटकटकटक, सुतारपक्ष्यासारखं?
ती थांबली.
कळा कुठून कुठे जातात, हे बायकांना विचारणारी ही,
आज स्वतः उत्तरासाठी चाचपडत होती.
"एकदाच. जाडसर. मग गप्प."

दोन सीटांमधली कांडी ओढून पाहिली.
हाताला घट्ट लागली, म्हणजे केबल शाबूत.
(मागे तुटली तेव्हा इंजिनात
झाडूचा दांडा खुपसून सुरू केली होती.)
हेडलाइट लाव म्हटलं: बर्फावर लख्ख पिवळा उजेड,
आणि कांडी ओढली तरी तो मिणमिणेना.
बॅटरीचं पोट भरलेलं, स्टार्टर उपाशी.
"बॅटरी तर मंगळवारीच नवी घेतली,
सेवेरिनने घ्यायला लावली."
सेवेरिन सगळ्यांना बॅटरीच घ्यायला लावतो.

बॅटरी पुढे, इंजिन मागे. एवढीशी गाडी,
तरी विजेला तिच्यात आख्खा गाव ओलांडावा लागतो.
जायची तार सगळे तपासतात, ती जाड, लाल, मिरवणारी.
यायची कोण बघतो?

टॉर्च दातात धरून बर्फात आडवा झालो.
गिअरबॉक्सपासून पत्र्यापर्यंत अर्थची पट्टी,
वेणीसारखी विणलेली, रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेली,
हिरवी, दोन-तीन धाग्यांवर जीव धरून.
जंप लीडचा एक चिमटा गिअरबॉक्सला,
दुसरा घासून उघड्या केलेल्या बोल्टला.
ओढ!

खोकली. थुंकली.
मग दोन सिलिंडरांची ती शिलाई मशीनसारखी बडबड.

लीड तारेने बांधली. तिथेही बंद करू नकोस, म्हटलं.
"किती वेळ?"
ते बाळाला विचार.

दुपारी तीनला, अंधार उतरताना, ती आली.
इंजिन चालूच, टाकी जवळजवळ कोरडी.
काच खाली करून एवढंच म्हणाली,
"पायाळू होतं."

नवी पट्टी माझ्याकडे नव्हती.
भंगारातल्या ट्रॅक्टरची कापून बसवली.
जरा लांबच झालीय.