भांगाच्या दिवशी

अष्टमीला पाण्याला ओढ नसते.
जाळी हलकी येतात, हिशेबाला कुणी येत नाही,
म्हणून महिन्यातून एकदा, भांगाच्या दिवशी,
मी कॉम्प्युटर उघडते.

आधी प्लग काढायचा.
नुसतं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही.
हे स्वरांगीला तीनदा सांगून झालंय.
शेजारची ही सातवीतली पोर स्क्रू सांभाळायला येते,
वाटीत मोजून सहा ठेवते,
लावताना पाच निघतात.

दाभोळच्या हवेत मीठ आहे हे जिभेला कळत नाही,
लोखंडाला कळतं.
खिडकीचे गज, सायकलची चेन, कपाटाची बिजागरी
आणि या डब्याची मागची कड,
सगळ्यांना एकच तांबेरा.
आत पंख्याच्या पात्यांवर काळी लव,
तिच्यात अडकलेलं बोयाचं एक खवल
(कुणाच्या हाताला चिकटून आलं, देव जाणे)
आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी, काबुली चण्याएवढी.
ती पोरीने चमच्यात घेतली,
श्वास रोखून पडवीत नेली,
वाशाच्या खोबणीत ठेवली.

बोटीवर नंबर रंगवायचा नीलकंठ तांडेलांचा ब्रश
हल्ली माझ्याकडे असतो.
पातं बोटाने धरून ठेवायचं, मगच सायकलचा पंप मारायचा,
नाहीतर पंखा भलताच गरगरतो.
रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात
खोडरबराने घासायचे, हळू, एकाच दिशेने.
दापोलीच्या दुकानदाराने पाचशे रुपये घेतले होते
आणि माझ्यासमोरच घासले होते.
पाचशे रुपयांत मी एक रबर बघून आले.

झालरीचं कव्हर मीच विणलेलं.
धूळ बसू नये म्हणून सात वर्षं
त्याचं नाक दाबून धरलं होतं.
आता ते मिक्सरवर घालते.

मग आतलं काम, जिथे ब्रश पोचत नाही.
सकाळी यंत्र उठलं की त्याच्याबरोबर
चौदा जण उठायचे, कुणी न बोलावता.
प्रिंटर विकून चार वर्षं झाली, त्याचा माणूस अजून दारात उभा.
दोन अँटिव्हायरस, एकमेकांवरच डोळा ठेवून.
पुतण्याचा क्रिकेटचा गेम, पॅड बांधून तयार.
एकेकाला म्हटलं, निजा. हाक मारली की या.
टेम्पररी फायली अकरा जीबी निघाल्या,
कामापुरत्या आलेल्या, पाहुण्यांसारख्या राहून गेलेल्या.
त्या पुसताना धोपाव्याची फेरीबोट दोनदा आली नि गेली.

आणि 'जलदुर्गा' नावाचं फोल्डर.
बोट केव्हाच विकली.
आत डिझेल, बर्फ, सहा खलाशांचे वाटे,
शेवटच्या ओळीत नीलकंठ तांडेल, उचल साडेचार हजार,
पुढचा रकाना कोरा.
तो आता कुणी भरायचा नाही.
बोट डिलीटवर ठेवून मी विचारलं, किती जागा खातं गं हे?
"चाळीस केबी," स्वरांगी म्हणाली,
"एवढ्याने काही वेग वाढणार नाही, मावशी."
मला कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं.

झाकण लावलं. पाच स्क्रू.
सहावा झाडताना सापडेल, किंवा अनवाणी पायाला.

पूर्वी बटण दाबून मी चहा टाकायची.
आधण, पावडर, आलं, दूध, वर येणारी साय,
गाळून कप घेऊन आले तरी
पडद्यावर ती चकती फिरतच असायची.
चार मिनिटांची आमची जुनी समजूत.
आज पाण्याच्या तळाला बुडबुडा धरला नव्हता
आणि मधल्या घरातून त्याने
आलो म्हणून आवाज दिला.

गॅस मोठा केला.
आलं तसंच किसणीवर राहिलं.
वेळेआधी दारात आलेल्या माणसाला म्हणावं तसं
मी आतूनच म्हटलं,
बसा हं, आलेच.