क्रोकसचे चाळीस कंद

लाटवियातल्या त्या गावी, ऑक्टोबरात,
स्काइद्रितेनं गुडघ्याखाली जुनं पोतं घेऊन
चाळीस कंद पुरले, चार बोटं खोल,
टोक वर.
जाळी अंथरली, कडेनं विटा रचल्या.

खारीला विटा मोजता येत नाहीत,
फट तेवढी सापडते.

मार्चात, गटाराकडेला बर्फ काळा पडून असताना,
वाफ्यात उगवले अकरा.
बाकीचे ओयार्सच्या हिरवळीत,
जांभळे, वाट्टेल तिथं.
नऊ वर्षं ती त्याच्याशी बोललेली नाही.
नासपतीची एक फांदी, बाकी काही नाही.

एप्रिलअखेर त्यानं गवत कापायला काढलं.
ती पडद्याआड.
फुलं केव्हाच गळालेली,
तरी यंत्र प्रत्येक झुबक्याला
वळसा घालून जात होतं.

म्हणजे पात पिवळी होईस्तोवर थांबायचं असतं
हे त्या खडूसालाही ठाऊक होतं.