प्रभारी

सुवाच्या लष्करी पगार-कचेरीत
माझ्या टेबलावरच्या वहीत दोन रकाने असतात:
एकात हुद्दा, दुसऱ्यात काम.
पगार पहिल्यातून निघतो.
दुसऱ्यातून जो निघतो तो घाम,
त्याला आमच्याकडे लेखाशीर्ष नाही.

कॉर्पोरल वाटिसोनी तुइलोमा, गोलानच्या एका ठाण्यावर.
त्याचा सार्जंट मुतखड्यानं घरी परतला
तेव्हा फोनवरून सांगणं आलं, दोन-चार दिवस सांभाळ.
त्या दोन-चार दिवसांना आता अकरा महिने झालेत.
नऊ माणसं, एक जनरेटर, दोन टेहळणी-बुरूज,
नारळाच्या मुलखातल्या पोरांना न सोसणारं धुकं,
सुरुंग पेरलेल्या रानात शिरलेली कुणाची तरी बकरी
आणि तिच्यामागे धावायला निघालेला पोर,
सगळं त्याच्या दोन फितींच्या बाहीवर.
तिसरी फीत कागदावरसुद्धा नाही.

नियम तसा सरळ आहे. सलग तीस दिवस
वरच्या पदाचं काम करा, फरक घ्या.
'सलग' हा शब्द मी रोज टाइप करते.
दिसायला मऊ, आत दात आहेत.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्याला ताप भरला,
दोन दिवस दवाखान्यात.
मोजणी पुन्हा एकपासून.
पुढच्या खेपेला सव्विसाव्या दिवशी
एक लेफ्टनंट पाहणीला आला,
एका रात्रीपुरता ठाण्याचा ताबा त्याच्याकडे.
पुन्हा एक.
अशी अकरा वेळा.
सापशिडीत निदान साप दिसतो तरी.

मेरेसेइनी, त्याची बायको, ताइलेवूहून बसनं आली.
मांडीवर झोपलेलं मूल,
पिशवीत माझ्यासाठी दालोचे तीन कंद, मातीसकट.
म्हणाली, गावात सगळे त्याला सार्जंटच म्हणतात.
चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर बसवतात,
आणि वर्गणीही मागतात
सार्जंटच्या हिशेबानं.
मग हसली.
मला हसावं की नाही ते कळेना,
कंद घ्यावेत की नाही तेही.

मी ठाण्याची बिनतारी नोंदवही मागवली.
तापाच्या त्या दोन दिवसांत
खाटेवरून त्याचे एकोणीस संदेश:
जनरेटरला तेल घाला.
रात्रपाळीत माइकाला नको, त्याची आई गेलीय.
पोराला हाका मारून थांबवा, बकरी जाऊ दे,
बकरीचे पैसे मी भरतो.
(ते त्यानं भरलेही. कॉर्पोरलच्या पगारातून.)
पानं जोडून दावा पाठवला.
तीन आठवड्यांनी परत आला, कोपऱ्यात शेरा:
नोंदवहीवर ठाण्याच्या सक्षम अधिकाऱ्याची सही नाही.

ठाण्याचा सक्षम अधिकारी म्हणजे सार्जंट.
सार्जंट म्हणजे नौसोरीच्या एका घरात
दिवसाला बारा पेले पाणी पिणारा भला माणूस.
त्याच्या जागी जो उभा आहे तो कॉर्पोरल,
आणि जिथे कॉर्पोरलचं काम चालतं
तिथे कॉर्पोरलची सही चालत नाही.

भार आहे, प्रभार आहे,
वर्षअखेरीस छापील आभार आहे.
नाव कथलाचं आणि हाती सोनं,
तेही दुसऱ्याचं, सांभाळायला दिलेलं.

आज दावा पुन्हा लिहिला.
खाली सही केली, सहीखाली शिक्का मारला:
मुख्य लेखापालांकरिता.
मुख्य लेखापाल दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले,
त्यांचा चष्मा अजून खणात आहे.
'करिता' तेवढी मी आहे.

माझी मोजणी सध्या बाविसाव्या दिवसावर.
दालो शेवटी घेतले होते मी,
त्यातला एक अजून ओट्यावर पडून आहे.
सकाळपासून घसा खवखवतोय.
उठते, खिडकी लावून घेते.