दार क्रमांक ३१२८

ईस्टरच्या सुट्टीत ऐवार्स कुल्डीगाला आला
तेव्हा व्हेंटा नदीत मासे धबधब्यावर उड्या घेत होते
आणि त्याच्या पाठपिशवीत होता
बिनपडद्याचा एक जुना संगणक, राईच्या पावाएवढा.
"मावशी, हा तुझ्या फ्रिजवर राहू दे.
खात फारसं नाही, आवाजही करत नाही."
मांजर गळ्यात मारतानाही लोक असंच सांगतात.

मग समजावून सांगायला बसला.
दूर एका देशात एक माणूस आहे.
देशाचं नाव त्याने घेतलं नाही, मी विचारलं नाही.
त्या माणसाची दारं कुणीतरी बाहेरून लावून घेतलीत.
आता तो हाक मारील ती तुला.
तू त्याच्या वतीने पुढे हाक मारायची,
उत्तर येईल ते जसंच्या तसं मागे द्यायचं.
पलीकडच्यांना वाटेल, लॅटव्हियातली एक म्हातारी विचारतेय.
याला प्रॉक्सी म्हणतात.

मला हसू आलं.
एकोणीस वर्षं दुसरं काय केलं मी?
कानांवर हेडफोन, दोन्ही हातांत दोऱ्या,
या भोकातली पिन त्या भोकात:
बोला, लाइन जोडली.

काळ्या खिडकीत तो पांढरी अक्षरं उमटवत गेला.
ऐकायचं दार, तीन हजार एकशे अठ्ठावीस.
परवलीचा शब्द सांगेल त्याला, हो.
बाकी साऱ्या जगाला, नाही.
पहिल्यांदा काहीच पुढे सरकेना.
तासाभराने सापडलं:
"नाही" चुकून "हो"च्या वर पडलं होतं.
यंत्र वरून खाली वाचतं,
पहिला नकार भेटला की तिथेच थांबतं.
अशी माणसंही मी पाहिलीत, म्हटलं.

"आणि ही नोंदवही.
पाकिटं बंदच असतात, आतलं तुलाही दिसणार नाही.
फक्त कोण, कधी, कुठे गेलं, एवढंच लिहिलं जातं.
ठेवू?"

मी लिंडनचा चहा ओतत होते.
तो कपात पडायचा थांबला.

दर गुरुवारी एक्स्चेंजमध्ये
राखाडी कोटातला माणूस यायचा.
मी त्याच्या हाती वही द्यायचे.
आतलं काही नाही, फक्त वरचे पत्ते.
संगीताचे मास्तर, स्टॉकहोमची बहीण, अकरा मिनिटं.
अक्षर माझं तेव्हा फार सुरेख होतं.
शाळा उघडली तेव्हा
पियानोवर दुसरंच कुणी बसलेलं होतं.

"लिहून मग पुसू नकोस," मी म्हणाले,
"लिहूच नकोस."
ऐवार्सने माझ्याकडे पाहिलं, आणि एक ओळ बदलली.

तेव्हापासून फ्रिजवर एक हिरवा दिवा
रात्री-बेरात्री लुकलुकतो.
पाणी प्यायला उठले की मी त्याला मान डोलावते.

जुलैत मी विणकामाचे नमुने शोधत होते
तर पडद्यावर आले पाळणे.
दुसऱ्या दिवशी दुपटी, दुधाच्या बाटल्या,
नवजात कातडीला सोसेल असा साबण.
बहात्तराव्या वर्षी!
हसता हसता खुर्ची ओढून बसले.
वहीत एक अक्षर नाही,
पण दुकानदारांना नाक असतं.
त्यांना एवढंच कळलं होतं
की या घरी कुणीतरी यायचं आहे.

ऐवार्सचा फोन आला. "ठीक चाललंय ना?"
"लुकलुकतंय," म्हटलं.
पुढचं ओठांपर्यंत आलं, ते चहाबरोबर गिळलं.

पांढऱ्या लोकरीचे दोन हातमोजे विणले,
बिनअंगठ्याचे, अक्रोडाएवढे.
पाठवायला पत्ता नाही.
यंत्राच्या पाठीवर ठेवलेत, तिथे ऊब असते.

ऑक्टोबरात चार रात्री दिवा नुसताच जळत राहिला.
मी दोनदा वायर तपासली,
एकदा देवाशी बोलले, वर्षांनी.

पाचव्या रात्री, सव्वातीनला,
तो लुकलुकला.
मग थांबला. मग पुन्हा, अडखळत,
एका हाताने टाइप करणाऱ्या
माणसासारखा.